स्लॉटर बुद्रुक, स्लॉटर खुर्द

एखाद्या गावाचं नाव ‘कत्तल’ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं तर? आणि एकाचं नाही, शेजारशेजारच्या दोन गावांचं! इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात अशी जोडी आहे. अपर स्लॉटर आणि लोअर स्लॉटर. वरची कत्तल आणि खालची कत्तल. ‘रविवारी स्लॉटरला जातेय’ असा मेसेज ग्रुपवर टाकला तर मैत्रिणींनी आधी बकऱ्याचं काय झालं ते विचारलं. एकीने तर तिथे मटण कसं मिळतं याची चौकशी केली.

तर मंडळी, घाबरू नका. इथे कुणी कुणाला कापलेलं नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्लोह्त्रे’ असा काहीसा शब्द होता, त्याचा अर्थ दलदलीची, चिखलाची जागा. शतकानुशतकं बोलून बोलून तो घासला गेला आणि शेवटी कत्तलीसारखा ऐकू यायला लागला, इतकंच. म्हणजे खरं तर ही आपली वरची चिखली आणि खालची चिखली! आपल्याकडे नाही का, एकाच नावाची दोन गावं झाली की मोठं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. फारसी ‘बुजुर्ग’चं बुद्रुक आपण केलं, तसंच इंग्रजांनी चिखलाचं स्लॉटर केलं. त्या हिशेबाने खालचं स्लॉटर बुद्रुक आणि वरचं खुर्द. अर्थात बुद्रुक म्हणजे तरी केवढं? दोन्ही गावांची माणसं एकत्र केली तरी आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा गणपती उठून दिसेल.

ही गावं कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांच्या पट्ट्यात येतात. हा सगळा भाग १९६६ पासून निसर्गसौंदर्यासाठी कायद्याने राखलेला आहे, दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठा. इथला दगड चुनखडीचा, मधाच्या रंगाचा. घरं त्याच दगडाची, छपरं त्याच दगडाच्या पातळ फरश्यांची आणि शेतांचे गडगेही त्याचेच. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचून बांधलेले हे गडगे या पट्ट्यात हजारो मैल पसरलेत. ऊन पडलं की अख्खं गाव साजूक तुपात परतल्यासारखं दिसतं. ऊन पडलं की, असं म्हटलंय मी. तेवढं लक्षात ठेवा.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून मोरटन-इन-मार्शला थेट ट्रेन आहे, साधारण दीड तासाची. मी मात्र चेल्टनहॅमहून गेले, कारण आत्या तिथे राहते. आणि खरं सांगायचं तर कॉट्सवोल्ड्स हे निमित्त होतं. बाबांनी मला एका मिशनवर पाठवलं होतं.

मिशन असं, की आत्याला घेऊन यायचं. कायमचं. आत्या नर्सिंग करून १९९० मध्ये इकडे आली. काका इंजिनीयर, आत्या हॉस्पिटलमध्ये. दोघांनी मिळून घर घेतलं, बाग केली, मूलबाळ नाही झालं. दीड वर्षापूर्वी काका गेले. तेव्हापासून बाबांचं पालुपद सुरू आहे, ‘एकटी काय करतेय ती तिथे? आमच्या शेजारच्या विंगमध्ये वन बीएचके रिकामा आहे.’ फोनवर त्यांनी ते बोलून झालं, आईनेही बोलून झालं. शेवटी घरात फ्रीलान्स करणारी, म्हणजे बाबांच्या भाषेत ‘तशी मोकळीच’ असलेली मी उरले. ‘तू भाची आहेस, तुझं ऐकेल,’ असं म्हणून त्यांनी तिकिटाचे निम्मे पैसेही दिले. (उरलेले निम्मे या लेखातून निघतील अशी आशा आहे.)

आत्याला यातलं सगळं कळलेलं होतं. पहिल्याच रात्री जेवताना म्हणाली, ‘भांडण उद्या. परवा तुला आमच्या कत्तलीला नेते.’

हा काकांचा जुना विनोद. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं या दोन गावांमधून चालायला जायची आणि काका सकाळी बूट घालता घालता ओरडायचे, ‘चला, कत्तलीला!’ शेजारच्यांना मराठी येत नव्हतं हे नशीबच. काका गेल्यापासून आत्या एकदाही त्या बाजूला फिरकली नव्हती. तिने मला हे सांगितलं नाही, मलाच कळलं. तिचे गमबूट गॅरेजमध्ये मागे कुठेतरी होते आणि त्यावर कोळिष्टकं होती. त्यांच्या शेजारी काकांचे. मला दहा नंबरचे बूट होणं शक्यच नव्हतं, तरी आत्याने दोन जोड मोजे देऊन तेच मला घालायला लावले.

चेल्टनहॅमहून ८०१ नंबरची बस बोर्टन-ऑन-द-वॉटरला जाते. हे बोर्टन म्हणजे या भागाचं महाबळेश्वर मार्केट. विंडरश नावाची घोट्याएवढी नदी गावाच्या मधोमध वाहते, तिच्यावर दगडाचे बुटके पूल, काठावर हिरवळ आणि त्या हिरवळीवर माणसंच माणसं. ‘कॉट्सवोल्ड्सचं व्हेनिस’ असं त्याला म्हणतात. ज्याने कुणी म्हटलं त्याने एकतर व्हेनिस पाहिलं नसावं किंवा त्याचं इथे हॉटेल असावं. ऑगस्टच्या सुट्टीत इथली मुलं या नदीतच गोल रोवून फुटबॉल खेळतात, ते मात्र बघायला आवडलं असतं.

बोर्टनमध्ये एका गोष्टीसाठी थांबाच. मॉडेल व्हिलेज. १९३७ साली खुलं झालेलं हे गावाचं एक-नवमांश आकाराचं मॉडेल आहे, तेही खऱ्या दगडात. घरं कमरेएवढी, झाडं बोन्सायसारखी, पाण्याची खरी धार. गावाची हुबेहूब नक्कल म्हटल्यावर नकलेत मॉडेल व्हिलेजही हवंच, म्हणून मॉडेलमध्ये मॉडेल आहे, त्या मॉडेलमध्ये आणखी धाकटं मॉडेल... मी वाकून वाकून मोजत बसले. आत्या म्हणाली, ‘तुझे काका दर वेळी तिकीट काढून हेच करायचे. इंजिनीयर ना.’

आणि मग तिथून निघा, लगेच. कारण खरी मजा गर्दीला पाठ केल्यावर सुरू होते.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात मला सर्वांत सॉलिड काय वाटलं असेल तर पब्लिक फुटपाथ. आपल्या फुटपाथचा आणि याचा काडीचा संबंध नाही. हा शेतातून, कुरणातून, कधी कधी एखाद्याच्या अंगणाच्या कडेने जाणारा पायवाटेचा रस्ता. जमीन खासगी, पण वाट सगळ्यांची. शेकडो वर्षं माणसं जिथून चालत आली तिथून चालायचा हक्क कायद्याने शाबूत ठेवलाय. शेतमालक वाट अडवू शकत नाही, आपण पीक तुडवायचं नाही. पिवळा बाण दिसला की पायी चालणाऱ्यांची वाट, निळा दिसला की घोडे आणि सायकलीही. आपल्याकडे पाणंद रस्त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, ते आठवून मी पहिल्या फाटकापाशी जरा बिचकलेच. आत मेंढ्या होत्या. ‘उघड गं, कुणी काही म्हणत नाही,’ आत्या म्हणाली, ‘फक्त परत लाव. इथे देवाला विसरलं तर चालतं, फाटक लावायला विसरलेलं चालत नाही.’

त्या फाटकाला किसिंग गेट म्हणतात! अर्धगोल कठड्यात झुलणारं दार, एका वेळी एक माणूस निघेल एवढीच जागा. माणसाला जमतं, मेंढीला जमत नाही. दार दोन्ही बाजूंच्या खांबाला नुसतं टेकतं, ‘किस’ करतं, म्हणून ते नाव. पण पुढे गेलेल्याने मागच्याकडून एक पापी वसूल करूनच दार सोडायचं, अशीही एक इंग्रजी गंमत आहे. मी आत्याला विचारलं, तुम्ही दोघं...? ‘साताऱ्याची माणसं आम्ही,’ आत्या म्हणाली. ‘गप पुढं हो.’ पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थंडीने असतील.

बोर्टनच्या बाहेर एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. फॉस वे. हा रोमन लोकांनी बांधलेला, एक्सेटरपासून लिंकनपर्यंत तिरका, सरळसोट रस्ता. दोन हजार वर्षांपूर्वी आखलेल्या त्या रेषेवरून आज ट्रक धावतात, तेव्हा ओलांडताना इतिहास वगैरे नका आठवू, उजवी-डावीकडे बघा. रस्ता ओलांडला की पुन्हा शेतं, आणि मैलाच्या आतबाहेर लोअर स्लॉटर.

इथे नदीचं नाव आय. डोळा नव्हे, नुसतं नाव. नदी कसली, आपल्या भाषेत ओहोळच. पण काय ऐट! गावाचा रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो, घरांच्या दारातून दोन पावलं टाकली की पाणी, मध्ये बसके दगडी पूल, काही तर नुसत्या एकेक फळीसारख्या शिळा टाकलेल्या. पाण्यात बदकं. एका खिडकीत मांजर, ते बदकांकडे बघतंय. २०११ मध्ये गुगल स्ट्रीट व्ह्यूच्या स्पर्धेत इथला कॉप्स हिल रोड ब्रिटनमधला सर्वांत रोमँटिक रस्ता ठरला होता. २०२० चा ‘एमा’ पाहिला असेल तर त्यातलं गाव ओळखीचं वाटेल, शूटिंग इथेच झालंय. मला विचाराल तर हे गाव जरा जास्तच सुंदर आहे. म्हणजे कुठे वाळत घातलेली चादर नाही, कुठे हाका मारणारं पोर नाही, भिंतीवर एक ओरखडा नाही. पेढ्याच्या बॉक्सवरच्या चित्रासारखं. अशा गावांत घर घ्यायला प्रचंड पैसा लागतो आणि त्यामुळे इथल्या शेतकऱ्याची मुलं इथे राहू शकत नाहीत, हे आत्याने सांगितल्यावर ओरखडा का नाही ते कळलं.

गावाच्या टोकाला जुनी पिठाची गिरणी आहे. दगडाच्या गावात ही एकटी लाल विटांची, उंच धुराड्याची. इमारत एकोणिसाव्या शतकातली, पण गिरणीची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात सापडते. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी साडेपाचशे वर्षं इथे कुणीतरी दळण घेऊन रांगेत उभं होतं! पाणचक्कीचं चाक अजून भिंतीला आहे. इथे आत्या थांबली, खूप वेळ. काकांना या चाकाच्या दात्यांचं गणित समजावून सांगायची खोड होती, दर महिन्याला, नव्याने. ‘आणि मी दर महिन्याला नव्याने ऐकायचे,’ ती म्हणाली. ‘आता सांग म्हटलं तर एक अक्षर आठवत नाही बघ.’

गिरणीपासून वरच्या गावापर्यंतची वाट जेमतेम मैलभर. पण या सगळ्या चालण्यातला माझ्या मते हाच तुकडा सर्वांत देखणा. वॉर्डन्स वे नावाची जी लांब पायवाट विंचकूम आणि बोर्टन या गावांना जोडते, तिचा हा भाग. डावीउजवीकडे कुरणं, मध्ये नदी वळसे घेत सोबत येते, जुनी झाडं सुटी सुटी उभी. ऑक्टोबर संपत आला होता, पानं तांबूस झाली होती आणि नावाप्रमाणे चिखल होता. सॉलिड चिखल! काकांचे बूट पचाक पचाक करत होते. मी मनातल्या मनात बाबांनी पढवून दिलेले मुद्दे उजळत होते. वन बीएचके, लिफ्ट, खाली दवाखाना, भाजीवाला घरपोच. पण आत्या पुढे चालत होती आणि तिची पाठ अशी ताठ होती, की एकही मुद्दा तोंडातून निघेना.

अपर स्लॉटर अचानक येतं. चढ चढलात की चर्च, एका बाजूला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची गवताने झाकलेली नुसती टेकडी, आणि मधोमध एक लहानसा चौक. चौकाभोवतीची आठ घरं १९०६ मध्ये नव्याने उभी केली ती कुणी, ओळखा? एडविन लटयन्स! हो, तोच. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याने बांधलं तो. ज्या माणसाने पुढे रायसीना टेकडीवर साडेतीनशेच्या जवळपास खोल्यांचा महाल उभारला, त्याने इथे शेतमजुरांच्या चिमुकल्या घरांची कौलं नीट बसवलीत. दिल्लीतलं ते भव्य काम कधीच माझ्या फारसं जवळ आलं नव्हतं. ही घरं बघून मात्र वाटलं, बाबाला घर म्हणजे काय ते कळत होतं.

वरच्या गावात दुकान नाही, सेल्फी पॉइंट नाही. बहुतेक लोक खालच्या गावातूनच परत फिरतात. पण या गावाकडे जे आहे ते मोठमोठ्या शहरांकडे नाही. गावाच्या हॉलमध्ये काही बायका टेबलं मांडत होत्या, कसल्याशा कार्यक्रमाची तयारी. आत्याने दारातून विचारलं, त्यांनी हसून आत घेतलं. भिंतीवर एक साधी यादी आहे. पहिल्या महायुद्धावर गेलेले गावचे २४ पुरुष आणि एक बाई. दुसऱ्या महायुद्धावर गेलेले ३६.

इंग्लंडच्या कुठल्याही खेड्यात जा, चर्चपाशी किंवा चौकात एक दगडी क्रॉस असतो आणि त्यावर युद्धात मेलेल्यांची नावं असतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून जास्त सैनिक मेले, त्यामुळे गाव कितीही लहान असो, दगड आहेच. अपर स्लॉटरमध्ये तो दगड नाही. या यादीतली सगळी माणसं परत आली. दोन्ही युद्धांतून. सगळीच्या सगळी.

अशा गावांना ‘थँकफुल व्हिलेज’ हे नाव आर्थर मी या लेखकाने १९३० च्या दशकात दिलं. त्याने अशी ३२ गावं मोजली, पुढच्या शोधात इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ती ५३ निघाली. हजारो गावांत ५३! दोन्ही युद्धांतून सगळे परत आले अशी तर त्यातलीही फार थोडी. इतकंच काय, ४ फेब्रुवारी १९४४ ला या गावावर आगीचे बॉम्ब पडले, नुकसान झालं, पण माणूस एकही दगावला नाही. एवढं नशीब एका गावाला कसं मिळतं?

आत्या यादीपुढे उभी होती. मला वाटलं काकांची आठवण आली असेल. ती हळूच म्हणाली, ‘मोठी आई असती तर म्हणाली असती, बघ, येतात परत.’

मोठी आई कोण ते सांगते. आमचं गाव साताऱ्याकडचं. तिथल्या मातीत पलटणीत जाणं हे शेतीइतकंच नेहमीचं. आमच्या गावापासून फार लांब नाही, अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मेले, तिथे त्यांचं स्मारक आहे. आमच्या घरातून गेले आत्याच्या आजोबांचे थोरले भाऊ. मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. ‘सहावी पुणे डिव्हिजन’ असं नाव असलेली फौज तिथे कुत-अल-अमारा या गावात डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. खायला घोडे मारावे लागले. २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली आणि नंतर कैदेत, वाळवंटातल्या चालीत आणखी किती मेले त्याला सुमार नाही. त्या धामधुमीत कधीतरी आमचे थोरले पणजोबा गेले. घरी एक सरकारी कागद आला. मोठी आई म्हणजे त्यांची बायको, वय सतरा-अठरा. तिने तो कागद वाचून घेतला आणि म्हणाली, कागदावर कुणाचा विश्वास? मी पाहिलं नाही. तिने कुंकू पुसलं नाही.

१९७४ मध्ये ती गेली. तोपर्यंत कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत्याने तिला पाहिलंय, तिच्या मांडीवर झोपलीय. रात्री वाड्याच्या दिंडीला आतून कडी घालू द्यायची नाही ती. का, तर रात्री-अपरात्री आले तर?

बसऱ्याला त्या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक उभारलंय. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. पण त्यात साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा. साहेबाचं नाव, आमचा आकडा. २०२१ साली युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. एकशे पाच वर्षांनी! आणि पुन्हा लटयन्स. अपर स्लॉटरची ही आठ घरं बांधणाऱ्यानेच लंडनचं सेनोटाफ केलं आणि दिल्लीचं इंडिया गेटही, जे १९३१ मध्ये पूर्ण झालं. सत्तर हजारांहून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची ती आठवण, भिंतीवर तेरा हजारांहून थोडी जास्त नावं. बाकीची नावं कुठे आहेत? आमचं तर नक्की नाही. मी शाळेच्या सहलीत तिथे आईस्क्रीम खाल्लं होतं.

हॉलमधल्या एका आजीबाईंनी आत्याला विचारलं, तुमच्याकडचंही कुणी युद्धात होतं का? आत्याने सांगितलं, हो, ते नाही आले. त्यांनी काही न बोलता आत्याचा हात दाबला आणि आम्हाला बळेबळे केक बांधून दिला.

चौकाच्या खालच्या अंगाला नदी रस्त्यावरूनच वाहते. पूल नाही, उतार आहे. गाड्याही पाण्यातूनच जातात, चालणाऱ्यांसाठी बाजूला एक अरुंद दगडी साकव. तिथल्या कट्ट्यावर आम्ही डबा उघडला. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमधला आल्याचा चहा आणि इंग्लिश केक. कॉम्बिनेशन वाईट नाही, ट्राय करा.

‘तुला बाबाने पाठवलंय ना?’ आत्या म्हणाली.

‘हो.’

‘मग विचार की. बोर्टनपासून तोंड शिवून चाललीयस.’

मी विचारलं. मुद्दे नाहीत काढले, नुसतं म्हटलं, आत्या, येतेस का घरी?

तिने कपात चहा ओतला. थंडीत वाफ सरळ वर जात होती. ‘लहानपणी मोठ्या आईचं मला केवढं कौतुक वाटायचं माहितेय? सिनेमातल्यासारखं. नर्सिंगला गेले तेव्हा मैत्रिणींना सांगायचे तिची गोष्ट. आता वाटतं, बाईने साठ वर्षं एका दारापाशी काढली. हे दीड वर्ष मी तेच केलं गं. स्वयंपाकघरातून गॅरेजकडे बघत बसायचं. तुझा बाबा म्हणतो इकडे ये. म्हणजे काय, त्या वन बीएचकेच्या दारापाशी येऊन बसू? तो ऑफिसातून कधी येतो, तू कधी येतेस, याची वाट बघत?’

‘मग नाही म्हणू बाबांना?’

‘तू काही नको म्हणू. मी सांगेन. पण आज नाही. आज अजून तीन मैल चालायचंय.’

आणि खरंच चालवलं तिने! वॉर्डन्स वेने पुढे गेलात की नॉन्टन लागतं, मग गायटिंग पॉवर, शेवटी विंचकूम. दिवसभराची, जवळपास तेरा-चौदा मैलांची चाल आहे, दमसास असेल तर एका दिवसात होते. आम्ही नॉन्टनपर्यंतच्या वाटेवर थोडं जाऊन परत फिरलो. परत यायला हवं असेल तर त्याच दोन टोकांना जोडणारी विंडरश वे नावाची दुसरी वाट टेकड्यांवरून येते, गावं टाळून. गर्दीचा तिटकारा असणाऱ्यांनी तीच धरावी.

इतिहासवेड्या मराठी माणसासाठी आणखी दोन जागा सांगून ठेवते, दोन्ही या परिसरातल्याच. पहिली सेझिनकोट. मोरटनजवळच्या कुरणांतून चालताना समोर एकदम हिरवट तांब्याचा घुमट आणि मुघली छज्जे दिसतात, तेव्हा आपल्याला ताप चढलाय असं वाटतं. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने १८०५ च्या सुमारास हे घर बांधलं. बागेतल्या पुलावर नंदी बसलेत, वर सूर्याचं देऊळ आहे! घर-बाग ठराविक दिवशीच उघडी असते, पण हार्ट ऑफ इंग्लंड वे ही पायवाट तिथल्या कुरणातूनच जाते, त्यामुळे लांबून दर्शन फुकट. दुसरी जागा डेल्सफर्ड. तिथल्या चर्चपाशी वॉरन हेस्टिंग्जची समाधी आहे. वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना गुडघ्यावर आणलं ते १७७९ मध्ये, तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर जनरल हाच होता, आणि १७८२ चा सालबाईचा तहही याच्याच काळातला. घराण्याची गेलेली जहागीर परत घ्यायची हे त्याने लहानपणीच ठरवलं होतं म्हणतात, आणि हिंदुस्थानातून परतल्यावर घेतलीच. हेस्टिंग्ज परत आला, कॉकरेल परत आला. येताना रिकाम्या हाताने नाही आले, एवढंच.

जायचं असेल तर एप्रिल ते जून उत्तम, कोकरं बागडत असतात आणि दिवस मोठा असतो. ऑगस्ट टाळा. शनिवार-रविवार टाळता आला तर फारच छान, बसही रविवारी कमी असतात, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. बूट वॉटरप्रूफ हवेत, नाव विसरू नका. दोन्ही गावांत माणसं राहतात, म्हणून खिडक्यांना नाक लावून फोटो काढू नका. आमच्यासमोर एका टोळक्याने ते केलं तेव्हा आत्याने त्यांना जो शुद्ध ग्लॉस्टरशायरी इंग्रजीत झाडलाय... ऐकत राहावं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने बूट धुतले, तिचे आणि काकांचे दोन्ही, आणि गॅरेजऐवजी पुढच्या दारापाशी ठेवले. मग फोन लावला. स्पीकरवर. ‘दादा, जानेवारीत येते. तीन महिने राहते. एप्रिलचं परतीचं तिकीट काढून येतेय, तेव्हा ते वन बीएचके दुसऱ्या कुणाला तरी दे.’

पलीकडे बाबा काही बोलेचनात. मला वाटलं लाइन कट झाली.

‘आणि एक,’ आत्या म्हणाली, ‘अपशिंग्याला जायचंय मला. आपल्या माणसाचं नाव कुठल्या कागदात आहे का तेही शोधायचंय. तुझी लेक पत्रकार आहे ना, तिला लावू कामाला.’

बाबांनी घसा साफ केला. ‘गाडी मी काढतो,’ ते म्हणाले. ‘वाड्यावरनं जाऊ.’